घरपट्टीसाठी तुरुंगात : पॉप्लर, १९१९ ते १९२५

१ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनच्या २८ बरोंमध्ये, म्हणजे नगरविभागांमध्ये, स्थानिक कौन्सिलांच्या निवडणुका झाल्या. महायुद्धामुळे सात वर्षे मतदान झालेच नव्हते. निकाल लागले तेव्हा २८ पैकी १२ बरो मजूर पक्षाच्या हाती गेले होते, आणि पूर्व लंडनच्या टोकाला, थेम्सच्या वळणात वसलेल्या पॉप्लरने तर कहरच केला होता. तिथे ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या. निवडून आलेल्यांत गोदी कामगार होते, रेल्वेतले लोक होते, पोस्टमन होते, हातावर पोट असलेले मजूर होते. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले.

या निकालाची गोष्ट सांगताना बहुतेक जण थेट दोन वर्षांनंतरच्या तुरुंगवासावर येतात, कारण तो प्रसंग नाट्यमय आहे. मला मात्र आधी या ३९ जागांपाशी थांबायचे आहे. एवढा कौल एका रात्रीत मिळत नाही.

पॉप्लर म्हणजे गोदींचा भाग. वेस्ट इंडिया, ईस्ट इंडिया आणि मिलवॉल या गोदींत साम्राज्यभरातला माल उतरे, आणि तो उतरवणाऱ्या माणसाला आज काम मिळेल की नाही हे सकाळी फाटकापाशी उभे राहिल्यावरच कळे. मुकादम गर्दीतून हवी तेवढी माणसे बोटाने निवडी आणि बाकीच्यांना परत पाठवी. काम मिळाले तर घरात चूल पेटायची. आठवडाभर नाही मिळाले तर घरातली भांडीकुंडी गहाण पडायची, आणि त्यानंतरचे दार होते वर्कहाउसचे. १८३४च्या कायद्याने उभ्या केलेल्या या संस्थेत गरिबाला मदत मिळे, पण ती अशा रीतीने की पुन्हा मागायची हिंमत होऊ नये. नवरा-बायकोची ताटातूट, अंगावर सरकारी कपडे, कपाळावर कायमचा शिक्का.

वर्कहाउस चालवणारी जी निर्वाचित मंडळे होती त्यांना गार्डियन मंडळे म्हणत. गरिबांवर किती खर्च करायचा हे ती ठरवत. १८९४च्या कायद्याने या मंडळावर निवडून येण्यासाठीची मालमत्तेची अट गेली आणि कामगारांना आत शिरायला वाट मिळाली. पॉप्लरमध्ये दोन माणसे त्याच्या थोडे आधीच आत शिरली होती. एक विल क्रूक्स. लहानपणी घरच्या दारिद्र्यामुळे हा मुलगा पॉप्लरच्याच वर्कहाउसमध्ये राहिला होता. पुढे तोच त्या मंडळाचा अध्यक्ष झाला. दर रविवारी ईस्ट इंडिया गोदीच्या फाटकापाशी तो भाषणे करी, आणि लोक त्या सभांना कौतुकाने ‘क्रूक्सचे कॉलेज’ म्हणत. दुसरे लॅन्सबरी : बो भागातल्या लाकडाच्या वखारीशी संबंध असलेला, अंगापिंडाने दणकट, श्रद्धाळू ख्रिस्ती आणि पक्का समाजवादी.

लॅन्सबरी वर्कहाउस पाहायला गेले तेव्हाचे वर्णन त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. रहिवाशांना ओटची पातळ पेज दिली जाई, आणि त्या पेजेत उंदरांच्या लेंड्या होत्या. समाजवाद म्हणजे काय यावर त्या काळी लंडनमध्ये पुष्कळ व्याख्याने होत असत. पॉप्लरमधल्या माणसांना तो त्या पेजेपासून कळला असे म्हणायला हरकत नाही. क्रूक्स आणि लॅन्सबरींनी अन्न सुधारले, कपडे बदलले, मुलांना चांगले शिक्षण मिळेल अशी तजवीज केली. त्यांच्यावर उधळपट्टीचे आरोप झाले आणि १९०६ साली सरकारी चौकशीही झाली. पण वीस-पंचवीस वर्षे लोकांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती : आपल्यातला माणूस निवडून गेला की पेज बदलते. १९१९च्या ३९ जागांचे मूळ इथे आहे.

मतदार यादीचाही वाटा आहे, आणि तो मोठा आहे. १९१८च्या कायद्याने मताधिकार रुंदावला. संसदेसाठी तीस वर्षांवरील पुष्कळ स्त्रियांना मत मिळाले हे सर्वांना माहीत असते. स्थानिक निवडणुकीत मतदाराची तीस वर्षांवरील पत्नीही मतदार झाली, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. आणि त्याहूनही कमी सांगितली जाणारी तिसरी तरतूद म्हणजे गरिबी-मदत घेतली म्हणून मताधिकार जाण्याची जुनी रीत त्याच कायद्याने बंद झाली. तोवर ज्या माणसाच्या मुलाबाळांना मंडळाने भाकरी दिली, त्याचे नाव मतदार यादीतून निघे. म्हणजे मदत किती द्यावी यावर मत देण्याचा अधिकार फक्त ज्यांना मदत लागत नाही त्यांना होता. पॉप्लरसारख्या वस्तीत या एका बदलाने निवडणुकीचा नूर पालटला.

युद्धाचा घावही ताजा होता. १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी टाकलेला एक बॉम्ब पॉप्लरच्या अप्पर नॉर्थ स्ट्रीट शाळेवर पडला आणि १८ मुले मेली. त्यातली बहुतेक अगदी बालवर्गातली. त्यांचे स्मारक १९१९च्या उन्हाळ्यात उभे राहिले. ज्यांनी एवढे दिले त्यांना आता घर, दूध आणि काम मिळालेच पाहिजे ही भावना त्या वर्षी कुठल्याही जाहीरनाम्यावाचून गल्लोगल्ली होती.

योगायोग असा की त्या दिवसांत लोकमान्य टिळक लंडनमध्येच होते. पत्रकार चिरोल यांच्यावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी १९१८च्या अखेरीस ते तिकडे गेले, खटला हरले, आणि पुढचे महिने त्यांनी हिंदुस्थानच्या सुधारणा कायद्यासाठी आणि मजूर पक्षाशी स्नेह जोडण्यासाठी खर्च केले. पक्षाला त्यांनी देणगीही दिली. लॅन्सबरी तेव्हा ‘डेली हेरल्ड’चे संपादक होते आणि हिंदी स्वराज्याचे उघड पुरस्कर्ते. टिळक परतले ते १९१९च्या नोव्हेंबरातच, म्हणजे हे निकाल लागले त्याच महिन्यात.

सत्ता आल्यावर पॉप्लरच्या कौन्सिलने आधी केले ते काम अगदी नगरपालिकेचेच होते. घरे बांधायला घेतली. सार्वजनिक स्नानगृहे आणि धुण्याच्या जागा सुधारल्या. आया आणि तान्ह्या मुलांसाठी दूध आणि तपासणीची सोय वाढवली, क्षयाच्या रुग्णांकडे लक्ष दिले. आणि १९२० मध्ये एक निर्णय घेतला, ज्याची किंमत पाच वर्षांनी चुकवावी लागली. कौन्सिलच्या नोकरीतल्या प्रत्येक प्रौढाला आठवड्याला किमान ४ पौंड वेतन, पुरुष असो वा स्त्री. त्या काळी समान कामाला समान वेतन ही मागणी सभांमधल्या ठरावांत असे. पॉप्लरने ती पगाराच्या पाकिटात घातली.

मग १९२०च्या अखेरीस मंदी आली. गोदींतले काम आटले. १९२१च्या उन्हाळ्यापर्यंत देशात वीस लाखांवर लोक बेकार झाले होते, आणि पॉप्लरमध्ये मदत मागणाऱ्यांची रांग रोज लांबत होती. बेकारांना पोसण्याचा भार केंद्र सरकारने बऱ्याच अंशी स्थानिक गार्डियन मंडळांवर सोडला होता, आणि ते पैसे स्थानिक घरपट्टीतून उभे करावे लागत.

इथे घरपट्टीचा हिशेब समजून घ्यायलाच हवा, कारण सगळी लढाई त्यावर झाली. इंग्लंडमधली घरपट्टी घराच्या वार्षिक भाडेमूल्यावर, पौंडामागे इतके शिलिंग अशी बसे. वेस्टमिन्स्टरमध्ये मोठी हॉटेले, दुकाने, राजवाडे. तिथे पौंडामागे एक पेनी लावली तर जेवढी रक्कम जमे, त्या पेनीच्या आठ-नऊपट दर लावावा तेव्हा तेवढी रक्कम पॉप्लरच्या चाळवजा घरांतून निघे. उलट गरीब राहायचे सगळे पॉप्लरमध्ये. वेस्टमिन्स्टरच्या बाजारांत विकला जाणारा माल ज्यांनी जहाजांतून उतरवला त्यांच्या बेकारीचा खर्च वेस्टमिन्स्टरला द्यावा लागत नव्हता. गरिबांना गरिबांनीच पोसायचे अशी ही व्यवस्था होती.

त्यात आणखी एक भर. बरो कौन्सिल स्वतःची घरपट्टी गोळा करीच, पण तिला लंडनच्या चार मोठ्या संस्थांसाठीही वसुली करून द्यावी लागे : लंडन काउंटी कौन्सिल, महानगर पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि महानगर असायलम मंडळ, ज्याच्याकडे साथीची रुग्णालये वगैरे होती. या संस्था दरवर्षी आपापले मागणीपत्र पाठवत आणि बरोने ते मुकाट्याने भागवायचे असे.

मार्च १९२१ मध्ये पॉप्लरच्या कौन्सिलने ठरवले की या चौघांसाठी वसुलीच करायची नाही. बरोच्या कामांपुरती आणि गरिबांच्या मदतीपुरती पट्टी लावायची, बाकीचे मागणीपत्र बाजूला ठेवायचे. हे बेकायदा आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. पण दुसरे पर्याय पाहा : एक तर आधीच कंबर मोडलेल्या भाडेकरूंवर अशक्य पट्टी लावायची, नाही तर बेकारांची मदत कापायची. आपण ज्यासाठी निवडून आलो नाही नेमके तेच करायचे.

काउंटी कौन्सिल आणि असायलम मंडळ हायकोर्टात गेले. २९ जुलै १९२१ रोजी सुनावणी होती. नगरसेवक पॉप्लर टाउन हॉलपासून कोर्टापर्यंत पायी निघाले. पुढे वाजंत्री, चोपदार आपला राजदंड घेऊन, गळ्यात पदाची साखळी घातलेले तेव्हाचे महापौर सॅम मार्च, मागे नगरसेवक आणि दोनेक हजार लोक. फलकावर लिहिले होते की पॉप्लरचे कौन्सिल हायकोर्टाकडे आणि कदाचित तुरुंगाकडे निघाले आहे. बरोच्या सगळ्या अधिकृत इतमामासह निघालेली ही मिरवणूक होती. त्यांना दाखवायचे होते ते हेच, की कायदा मोडायला आलेले हे कोणी चळवळे नाहीत, लोकांनी निवडलेले कौन्सिल आहे.

कोर्टाने पैसे भरण्याचा हुकूम दिला. त्यांनी भरले नाहीत. १ सप्टेंबरपासून अटका सुरू झाल्या आणि काही दिवसांत ३० जण आत गेले. पंचवीस पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात आणि पाच स्त्रिया हॉलोवेत.

त्या पाचजणींबद्दल थोडे सांगितले पाहिजे. सुसान लॉरेन्स सुखवस्तू घरातल्या, केंब्रिजला शिकलेल्या, आणि राजकारणात आल्या त्या हुजूर पक्षाच्या बाजूने. शाळा झाडणाऱ्या बायकांना मिळणारी मजुरी पाहून त्यांनी बाजू बदलली. ज्युलिया स्कर गार्डियन मंडळावर कित्येक वर्षे काम करत होत्या आणि १९०५ मध्ये बेकारांच्या बायकांना घेऊन पंतप्रधानांकडे गेल्या होत्या. मिनी लॅन्सबरी पूर्व लंडनमधल्या एका ज्यू कोळसाव्यापाऱ्याची मुलगी, पेशाने शिक्षिका, स्त्री-मताधिकारासाठी लढणाऱ्या सिल्व्हिया पँकहर्स्टच्या संघटनेत तयार झालेली, जॉर्ज लॅन्सबरींची सून. जेनी मॅके. आणि नेली क्रेसल, ज्या अटकेच्या वेळी गरोदर होत्या. त्यांची अवस्था वर्तमानपत्रांत आली तेव्हा सरकारची पंचाईत झाली आणि इतरांच्या आधीच त्यांना सोडावे लागले. इतर चौघी राहिल्या.

ब्रिक्स्टनमध्ये जे झाले त्याला इंग्रजी स्थानिक कारभाराच्या इतिहासात तोड नाही. नगरसेवकांनी आधी जेवणावरून आणि कोठड्या बंद ठेवण्यावरून भांडण मांडले आणि एकेक सवलत मिळवली. मग म्हणाले, बरोचा कारभार थांबवता येणार नाही, आम्हाला सभा घ्यायची आहे. आणि तुरुंगात कौन्सिलच्या सभा भरू लागल्या. हॉलोवेतून स्त्रियांना गाडीने ब्रिक्स्टनला आणले जाई, कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे विषय घेतले जात, ठराव होत, इतिवृत्त लिहिले जाई. संध्याकाळी भिंतीबाहेर लोक जमत आणि साठी ओलांडलेले लॅन्सबरी कोठडीच्या गजांमधून त्यांच्याशी बोलत. बाहेर शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन या दोन बरोंनीही मागणीपत्र न भागवण्याचे ठराव केले, आणि तेव्हा मात्र सरकारला हा वणवा पसरणार हे दिसले.

मजूर पक्षातच सगळे एकमताचे नव्हते. हॅकनीचे महापौर हर्बर्ट मॉरिसन यांना हा मार्ग मुळीच पसंत नव्हता. त्यांचे म्हणणे असे की उद्या आपण देशात सरकार बनवणार, तेव्हा आपलेच कायदे दुसऱ्यांनी पाळावेत असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार? हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण मॉरिसन आणि इतर महापौर सप्टेंबरात पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांना गाठायला थेट स्कॉटलंडच्या डोंगरात, गेअरलॉकला गेले, आणि त्यांचे ऐकून घेतले गेले ते पॉप्लरचे तीस जण आत बसले होते म्हणून. घरपट्टी सर्व लंडनने समान वाटून घ्यावी ही मागणी कित्येक वर्षांची होती. अर्ज झाले, शिष्टमंडळे झाली, कोणी ढिम्म हलले नव्हते. जे विनंत्या करकरून जुने झाले होते ते तुरुंगाने सहा आठवड्यांत पुढे सरकले.

१२ ऑक्टोबर १९२१ रोजी कोर्टाने त्यांची सुटका केली. कोणी माफी मागितली नव्हती, पैसे भरले नव्हते. सरकारने बोलावलेल्या वाटाघाटीच्या परिषदेला त्यांना हजर राहता यावे हे सुटकेचे निमित्त ठरले. पुढच्याच महिन्यात संसदेने कायदा केला आणि वर्कहाउसबाहेर दिल्या जाणाऱ्या मदतीचा मोठा भाग लंडनच्या सामायिक निधीवर टाकला. आता वेस्टमिन्स्टरलाही वाटा उचलावा लागला. पॉप्लरची मागणी ज्या एका वाक्यात सांगता येत होती, ती मान्य झाली होती.

या विजयाची किंमत लगेच कळली. मिनी लॅन्सबरींची प्रकृती तुरुंगात ढासळली होती. १ जानेवारी १९२२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, त्या गेल्या. अकरा-बारा आठवड्यांपूर्वी सुटून आलेली ती बाई युद्धातल्या विधवांच्या निवृत्तिवेतनासाठी कार्यालयांचे उंबरठे झिजवत असे, हे बो रोडवरच्या लोकांना चांगले ठाऊक होते. त्या रस्त्यावर तिच्या नावाचे घड्याळ आजही आहे.

मग १९२२च्या नोव्हेंबरात पुन्हा निवडणूक आली. मला या निवडणुकीचे महत्त्व पहिलीपेक्षा अधिक वाटते. पहिल्या वेळी लोकांनी आशेवर मत दिले होते. आता त्यांच्यासमोर तीन वर्षांचा हिशेब होता : ४ पौंडांचे वेतन, कोर्ट, तुरुंग, आणि सगळ्या लंडनच्या वर्तमानपत्रांनी केलेली हेटाळणी. ‘पॉप्लरिझम’ हा शब्द तेव्हा घडला आणि उधळ्या कारभाराला शिवी म्हणून वापरला जाऊ लागला. लंडनभर मजूर पक्षाची पिछेहाट झाली आणि १९१९ मध्ये हाती आलेले बहुतेक बरो निसटले. पॉप्लरने आपले कौन्सिल राखले. त्याच महिन्याच्या सार्वत्रिक निवडणुकीत लॅन्सबरीही बो आणि ब्रॉमलीतून संसदेत गेले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१२ मध्ये राजीनामा देऊन ज्या जागेवर ते हरले होते, तीच ही जागा. या १९२२च्या कौन्सिलावर म्युरिएल लेस्टर होत्या. गांधीजी १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आले तेव्हा सरकारी पाहुणचार सोडून ज्यांच्या किंग्सली हॉलमध्ये, या बरोतल्या बो भागात राहिले, त्याच या.

आता उरला तो ४ पौंडांचा हिशेब. १९२१-२२ मध्ये महागाई उतरली आणि बाहेरच्या मालकांनी मजुरी कापली. पॉप्लरने आपली कापली नाही. सरकारी लेखापरीक्षकाने हा खर्च अवाजवी ठरवला आणि त्यातली ५,००० पौंडांची रक्कम नगरसेवकांच्या अंगावर टाकली, म्हणजे त्यांनी ती स्वतःच्या खिशातून भरावी. प्रकरण वरच्या कोर्टात गेले. अपील कोर्टाने कौन्सिलच्या बाजूने निकाल दिला. पण १९२५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरवला. कायद्यात ‘योग्य वाटेल ते’ वेतन देण्याचा अधिकार कौन्सिलला होता, तरी न्यायमूर्तींच्या मते त्या अधिकाराला वाजवीपणाची मर्यादा होती. स्त्री-पुरुषांना सारखा पगार देण्याची इच्छा ही समाजवादी परोपकाराची आणि स्त्रीवादी महत्त्वाकांक्षेची लहर आहे, अशा अर्थाचे शब्द लॉर्ड ॲटकिन्सन यांनी त्यात लिहिले. हा खटला पुढे कित्येक वर्षे कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला गेला. मला तो निकाल आजही खटकतो. मतदारांनी १९२२ मध्ये त्या ४ पौंडांसकट कौन्सिल परत निवडले होते. वाजवी काय ते ठरवण्याचा याहून मोठा अधिकार पाच न्यायाधीशांना कुठून आला?

संसदेने १९२७ मध्ये आणखी एक दार लावले. पाचशे पौंडांहून जास्त रक्कम ज्या नगरसेवकावर अशी लादली जाईल, त्याला पुढे काही वर्षे निवडणूकच लढवता येणार नाही असा कायदा झाला. तुरुंगात पाठवण्यापेक्षा मतपत्रिकेवरून नाव काढणे सोपे, हा धडा सरकारनेही पॉप्लरकडूनच घेतला होता.

तरी मूळ मागणी मागे घेता आली नाही. १९२९च्या स्थानिक कारभार कायद्याने गार्डियन मंडळे बरखास्त झाली आणि १ एप्रिल १९३० पासून लंडनच्या गरिबांची जबाबदारी एकट्या काउंटी कौन्सिलकडे आली. पॉप्लर आणि वेस्टमिन्स्टर एकाच हिशेबाच्या वहीत आले. चार वर्षांनी, मार्च १९३४ मध्ये, मजूर पक्षाने ती काउंटी कौन्सिल पहिल्यांदा जिंकली, आणि तिचा नेता म्हणून लंडनभरातल्या त्या खर्चाचा कारभार हाती घेतला तो हर्बर्ट मॉरिसन यांनी.